पाडव्याचा तुझा मेसेज वाचून

चिऊ,

पाडव्याला तुझा फोन लागलाच नाही, मग रात्री दोनला तुझा तो भलामोठा मेसेज आला आणि मी अंथरुणातच बसून तीनदा वाचला. सकाळी बाबांना वाचून दाखवला तर काही बोललेच नाहीत, चष्मा काढून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

२४ फेब्रुवारी २०२२ला युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा मी फोनवर किती ओरडले होते तुला. पोलंडला शिकायला गेलीयस, क्राकोवमध्ये गप अभ्यास कर, बॉर्डरकडं फिरकायचं नाही. तू तरी शनिवार-रविवार ट्रेननं बॉर्डरजवळच्या प्शेमिशलला जायला लागलीस, युक्रेनमधून पळून आलेल्यांना स्टेशनवर सूप वाटायला, आणि मी आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. चुकलं माझं बाळा.

मेसेजमधली ती म्हातारी काही केल्या डोळ्यासमोरून जाईना. खुर्ची दिलीस तर बसेना, सूप दिलंस तर घेईना, शेवटी तू तिच्या हातात ब्रेड आणि सुरी दिलीस आणि ती दोन तास तुझ्याबरोबर ब्रेड कापत राहिली, मग आपणहून जेवली. हे तुला कुणी सांगितलं गं? घर सुटलेल्या बाईला आधी हाताला काम लागतं, हे मला पन्नाशीत कळायला लागलंय.

तुला माझी आज्जी आठवत नसणार. भाकरी टम्म फुगली की ती म्हणायची "डोब्झे!" आम्हाला वाटायचं काहीतरी तिचंच खूळ आहे. तू तिकडं गेल्यावर पहिल्याच महिन्यात फोनवर सांगितलंस की पोलिशमध्ये छान, ठीकला डोब्झे म्हणतात, तेव्हा अंगावर काटा आला होता माझ्या. आज्जी वळिवड्याच्या कॅम्पात दूध घालायची ना. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश माणसं होती तिथं, दुसऱ्या महायुद्धात रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेली, तिथून इराणमार्गे आपल्या कोल्हापुरात आलेली. बहुतेक बायका आणि पोरं. तुझ्या स्टेशनवर पण तेच म्हणतेस, युद्ध सुरू झालं तसं युक्रेननं १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर सोडणं बंद केलं म्हणून नुसत्या आया, पोरं आणि म्हातारी माणसं. एक बाई आज्जीला रोज थांबवायची, भाषा दोघींनाही येत नव्हती, पण तिनं माझ्या मामाला लोकरीचं आंगडं विणून दिलं आणि आज्जीनं तिला खरवस नेला. झाली मैत्री.

आता तू लिहिलंयस त्याबद्दल. स्टेशनवरून आल्यावर तू आणि तुझी रूममेट नदीकाठी बसून ते गोल खारं पाव खाल्लेत, कशावरून तरी पोट दुखेपर्यंत हसलात आणि मग तुला लाज वाटली, कारण तिची आई अजून तिकडं युक्रेनमध्ये, खार्कीवमध्येच आहे. अगं लाज कसली? वळिवड्यात त्या लोकांनी शाळा काढली, चर्च उभं केलं, पोरांचे स्काउट होते, नाटकं-नाच व्हायचे, आज्जी कुंपणाशी उभी राहून बघायची. नवरे लढाईत आणि इकडं बायका पोरांना नाच शिकवतायत. आज्जी कधी म्हणाली नाही की ह्यांना दुःख नव्हतं, ती म्हणायची रात्री रडायच्या आणि सकाळी वेण्या घालायच्या. तू त्या पोरीला हसवलंस, तेवढा वेळ ती खार्कीवच्या फोनची वाट बघत नव्हती. हे काम सूप वाटण्याच्या खालचं आहे असं समजू नकोस, मी तर वरचंच समजते.

फक्त झोप नीट घे आणि परीक्षा बुडवू नको, बाबांनी दोनदा सांगितलंय लिहायला.

कांदा-लसूण मसाला, लाडू आणि लोकरीचे चार जोड मोजे पाठवतेय, दोन तुझे दोन तिचे. आणि तिच्या आईशी बोलणं झालं का ते आधी कळव.

आई