लास्ट पोस्ट वाजत असताना माइक बंद ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विजय दिनाच्या संचलनाची बातमी आपल्या १७ डिसेंबरच्या अंकात वाचली. व्यासपीठावर कोण होते, प्रास्ताविक कोणी केले, आभार कोणी मानले, सगळे नावानिशी आले आहे. बेळगावहून आलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडच्या वाट्याला मात्र शेवटी एक ओळ, तीही शाळांच्या लेझीम पथकांसोबत. आणि स्मृतिस्तंभापाशी जे घडले त्याचा तर उल्लेखही नाही.

‘शोक शस्त्र’चा, म्हणजे हुतात्म्यांच्या मानार्थ शस्त्रे उलटी धरण्याचा हुकूम झाला, जवानांच्या माना खाली गेल्या आणि बिगुलरने लास्ट पोस्ट, म्हणजे हुतात्म्यांना मानवंदना देणारी बिगुलाची धून, सुरू केली. विशीतला पोरगा. आधी बराच वेळ तो बिगुलाची तोंडाकडची बाजू मुठीत धरून ऊब देत होता. बिगुलाला कळा नसतात, सगळे सूर ओठांनीच काढायचे. थंडीने ओठ सुकले की सूर फाटतो. त्याचा एकही फाटला नाही. पण तो वाजवत असतानाच निवेदकाने माइकवरून एका पुढाऱ्याच्या आगमनाची घोषणा केली, सगळ्या पदांसकट नाव दोनदा घेतले आणि वाट करून द्या म्हणून गर्दीला दटावले. निम्मे लोक तिकडे वळले. मौनाची दोन मिनिटे हारतुऱ्यांत गेली. पोरगा शेवटच्या सुरापर्यंत हलला नाही.

माझे काका जंगी पलटणीत, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, बँडमध्ये होते. लढाईत बँडवाल्यांचे काय काम, असे लोक विचारतात. लढाई लागली की वाद्ये पेटीत जातात आणि बँडवाला स्ट्रेचर उचलतो. १९७१च्या डिसेंबरात, बांगलादेश युद्धात, तिथल्या जमालपूरला काकांनी जखमींना मागे आणले. त्यातला एक वाटेतच गेला, आमच्याच पंचक्रोशीतला. पुढे टीव्हीवर लास्ट पोस्ट लागली की काका उठून उभे राहत, काकू हातातले काम ठेवी आणि आम्हा पोरांची एक शब्द बोलायची टाप नसे.

परवा माझ्या शेजारी उभे असलेले एक वृद्ध माजी सैनिक त्या गोंधळातही सलामीचा हात कपाळाशी धरून होते. मी निवेदकाला थांबवायला पुढे गेलो, तर एका कार्यकर्त्याने मला ‘काका, बाजूला व्हा’ म्हणत मागे सारले.

लष्कराचा बँड गावात आणायला किती खटपट करावी लागते, याची मला कल्पना आहे आणि ती करणाऱ्यांबद्दल आदरही आहे. म्हणूनच विनंती आहे की, पुढच्या वर्षी शोक शस्त्रपासून मौनानंतरची ‘राउज’ ही बिगुलाची धून वाजेपर्यंत माइकची वायरच काढून ठेवावी. सगळे मिळून पाच मिनिटेही होत नाहीत. उशिरा येणारा पाहुणा कितीही मोठा असो, त्याने तेवढा वेळ गर्दीच्या मागे उभे राहावे.

आणखी एक. स्तंभावरच्या नावांच्या पाटीवर स्वागताचा फ्लेक्स बांधला होता. फुले वाहायला आलेल्या एका आजींना फ्लेक्सखाली हात घालून नाव चाचपावे लागले. आज सकाळी मी गेलो तेव्हाही तो तिथेच होता. आपण छायाचित्रकार पाठवून त्याचा फोटो पहिल्या पानावर छापावा.

आपला,
एका बँडमनचा पुतण्या