चि. मुक्तास, दाभोळहून

दाभोळ, १४ ऑक्टोबर

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर बोलता बोलता तू सांगून गेलीस की तिकडे कॅनडात ब्यूट इनलेटच्या खाडीतून विमान घेऊन निघायला उशीर झाला आणि कॅम्पबेल रिव्हर गावाला अगदी शेवटच्या उजेडात पाण्यावर उतरलीस. लगेच विषय बदलून आत्याच्या डोळ्याचं विचारलंस. आत्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली, आता ती दिवसभर पेपर वाचते. माझं मन मात्र तुझ्या त्या वाक्यापाशीच अडकून बसलंय. आई शेजारी होती म्हणून फोनवर काही बोललो नाही. तिला यातलं काही कळू दिलेलं नाही.

तू म्हणालीस, कायद्याने ती रात्र नव्हतीच, सूर्य मावळल्यावरही थोडा वेळ दिवस धरतात. मान्य. पण वर आभाळात उजेड असतो तेव्हा खाली पाण्यावर अंधार झालेला असतो, हे मी खाडीत जन्मभर पाहिलंय. ब्यूटमध्ये तर दोन्ही अंगांना दोन-दोन हजार मीटरचे डोंगर. तिथली संध्याकाळ घड्याळाच्या किती तरी आधी होत असणार. आणि आता ऑक्टोबर अर्धा संपला. डिसेंबरात तुमच्याकडे सव्वाचार-साडेचारला सूर्य जातो म्हणतेस. लाकूडतोडीच्या कॅम्पवरची माणसं मात्र त्यांच्याच वेळेने धक्क्यावर येणार.

तू गेल्या वर्षी बंड्याच्या फोनवर अमेरिकन विमान खात्याचं सीप्लेनचं, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचं, पुस्तक पाठवलं होतंस. त्यातलं रात्रीचं पान त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. रात्री पाण्यावर उतरणं टाळा, असं त्यात सरळ लिहिलंय. कारण पाण्यात काय तरंगतंय ते दिसत नाही. शिवाय पाणी स्वस्थ असलं की ते किती खाली आहे तेच कळत नाही. पाणी अजून लांब आहे असं वाटलं तर तसंच जाऊन आदळायचं, आणि जवळ आलं वाटलं तर वरच वेग मारून खाली पडायचं. विमानाच्या दिव्याचा भरवसा नाही हे मला पुस्तकाने सांगायला नको. लाँचचा सर्चलाइट मी वर्षानुवर्षं वापरलाय. वाऱ्याने पानही हलत नसेल तेव्हा उजेड पाण्यात शिरतो आणि डोळ्यांना काही म्हणता काही परत मिळत नाही. किनाऱ्यावरचे दिवे पाण्यात लांबलचक ओढले जातात ते वेगळंच. त्यात बिनदिव्याची एखादी होडी उभी असली तर संपलं.

तुला ती श्रावणातली फेरी आठवते? धोपाव्याहून शेवटची. वर चिपळूणकडे पाऊस कोसळून वाशिष्ठीला लाल पाणी आलं होतं. तू लाँचच्या नाळीवर, अगदी पुढच्या टोकाला, पालथी पडली होतीस, भाऊकाका तुझा फ्रॉक धरून. मी सुकाणूवर, सर्चलाइट चालू, आणि मला समोर नुसतं काळं दिसत होतं. तू ओरडलीस, ‘बाबा, ओंडका!’ मी इंजिन न्यूट्रलला घेतलं. अख्खा फणस मुळांसकट लाँचच्या कुशीला खरवडत गेला. मुळांत कुणाचं तरी तांबडं प्लास्टिकचं टमरेल अडकलेलं होतं. भाऊकाका त्यानंतर गावभर सांगत होते, की तांडेलाच्या पोरीला मांजराचे डोळे आहेत.

ते डोळे तुला आहेतच. पण तो ओंडका चुकला कारण लाँच जेमतेम चालत होती. तुझं ते बीव्हर विमान पाण्याला टेकतं तेव्हा ताशी ८० किलोमीटरच्या वर असतं, तूच सांगितलंस. आणि तुमच्या किनाऱ्यावर ओंडक्यांना काय तोटा? तराफ्यांतून सुटलेले, भिजून एक टोक जड झालेले, पाण्यात उभे तरंगणारे, वर हातभरसुद्धा न दिसणारे. जवळच्या त्या सेमूर नॅरोजच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत १५ नॉटपर्यंत ओढ असते म्हणतात. सकाळी साफ पाहिलेल्या जागी संध्याकाळी काय वाहून आलंय ते कोण सांगणार? दुपारी पाहिलेल्या पाण्यावर संध्याकाळी विश्वास ठेवायचा नाही, एवढं एक ऐक.

विमान ज्यावर तरंगतं तो खालचा पोकळ फ्लोट एकदा अडला की विमान उलटतं. तुमच्याच किनाऱ्यावरच्या सॅटर्ना बेटाजवळ नोव्हेंबर २००९ मध्ये बीव्हर पाण्यात पडलं, आठातले सहा गेले. तेसुद्धा दिवसाउजेडी. चौकशीत दारं-खिडक्यांचाच प्रश्न पुढे आला, आतून चटकन उघडायला हव्यात म्हणून. बंड्याने मला हे वाचून दाखवलं आणि मग दाखवलं म्हणून पस्तावला. म्हणून सांगतो, लाइफजॅकेट अंगावरच हवं, आणि आत असताना फुगवायचं नाही. उलटं झाल्यावर आधी दाराची कडी हाताने धरायची, मग पट्टा सोडायचा. माणसं चढली की त्यांनाही दार उघडायला लाव, नुसतं तोंडाने सांगू नकोस.

बघ, शाळामास्तर झालो. पाण्याच्या तळ्यात विमानाची केबिन उलटी करून त्यातून बाहेर यायचं शिक्षण तू घेतलंयस, आणि मी दाभोळच्या ओटीवर बसून तुला पट्टा कसा सोडायचा ते सांगतोय. राग मानू नकोस. तू बीव्हरच्या फ्लोटवर उभी आहेस तो फोटो बंड्याने मोठा करून आणला. जेटीवरच्या चहावाल्यानेही एक मागून घेतला. १९४७ साली पहिल्यांदा उडालेली ही जात, अजून चालते, आणि आमची मुलगी ती चालवते, असं मीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो.

तरी पुन्हा तेच लिहितो, लिहायचं नाही असं ठरवूनही. हा निर्णय अंधाऱ्या पाण्यावर घिरट्या घालताना घ्यायचा नसतो, तो कॅम्पच्या धक्क्यावरच घ्यायचा. उजेडात पोचण्याइतका वेळ नसेल तर दोर बांध आणि तिथेच राहा. कॅम्पवर खाट मिळेल, नाही मिळाली तर जमिनीवर झोप. माणसं कुरकुरतील, मालक फोन करेल, एका दिवसाचं भाडं बुडेल. बुडू दे. आणि कधी निघून फसलीसच, तर पाण्याचा हट्ट धरू नकोस. बिनचाकांचं विमानही धावपट्टीवर उतरवता येतं, फ्लोटना फारसं काही होत नाही, असं त्याच पुस्तकात आहे. कॅम्पबेल रिव्हरला विमानतळ आहे, त्याला दिवे आहेत. फ्लोट घासले तर घासले. मालक पैसे मागेल तर मी देईन, आंब्याचे आलेले आहेत.

बाकी सर्व ठीक. आईचे गुडघे तसेच. ती मेतकूट आणि आमसुलं पाठवतेय, पार्सल पोचलं की तिलाच फोन कर, मला नको.

तुझा,
बाबा

ता. क. फ्लोटच्या कप्प्यांतलं पाणी रोज सकाळी स्वतः उपसतेस ना? दुसऱ्यावर सोडू नकोस. आणि पुढच्या वेळी मुक्काम केलास की मला नुसतं ‘राहिले’ एवढं पाठव, कितीही वाजता. मी जागाच असतो.