चाक उतारावर पारखून घ्यावे

सातपूर, नाशिक

चि. सायली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली कार्बन चाकांची माहिती मी नीट वाचली. जोडीचे वजन १,३५० ग्रॅम, रिमची खोली ५० मिलिमीटर, स्पोक पुढे १६ आणि मागे २०, ब्रेक रिमवर लागणारे. नोकरीतून साठवलेले पैसे तुला त्यात घालायचे आहेत आणि दिवाळीत घरी आलीस की त्याच चाकांवर सप्तशृंग गड चढायचा आहे, हे वाचून तुझा उत्साह कळला. तरीही ऑर्डर देण्याआधी हे पत्र पूर्ण वाच. चाक चढावर किती हलके वाटते यापेक्षा ते उतारावर काय सोसू शकते, हे पाहून ते घ्यायचे की नाही ते ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

नवी चाके तुला लागणार आहेत, याबद्दल आपल्यात वाद नाही. काल तुझी सायकल उलटी ठेवून मागचे चाक पाहिले. रिमच्या ज्या पट्टीवर ब्रेक लागतो तिच्यावर नख फिरवले तर मध्ये खोलगट लागते, आणि झीज कळावी म्हणून कारखान्यातच पाडलेला बारीक खड्डा आता जेमतेम दिसतो. तो पुसला गेला की रिम बाद समजायची, कारण पातळ झालेली भिंत हवेच्या दाबाने फाटू शकते. ब्रेकच्या रबरात ॲल्युमिनियमचे चमकते कण रुतून बसले होते, ते मी टाचणीने उकरून काढले. पावसाळ्यात त्र्यंबक रस्त्यावरचा चिखल आणि बारीक रेती रबर व रिम यांच्यामध्ये सापडते आणि प्रत्येक ब्रेकला रिमचा थर घासून नेते. त्यामुळे तुझे चाक इतक्या लवकर झिजले यात तुझा काही दोष नाही.

आता चढाचा हिशेब पाहू. तुझे वजन ५८ किलो, सायकल साडेनऊ, पाणी-हत्यारे-पंप मिळून अडीच; म्हणजे एकूण ७० किलो वर न्यायचे आहेत. सध्याची जोडी १,९५० ग्रॅमची आहे, तेव्हा कार्बनच्या जोडीने ६०० ग्रॅम वाचतील, म्हणजे एकूण भाराच्या ०.८६ टक्के. पायथ्याच्या नांदुरीपासून गडापर्यंतच्या चढाला चाळीस मिनिटे लागतात असे धरले आणि तुझी सगळी ताकद गुरुत्वाकर्षणाविरुद्धच खर्च होते असे मानले, तरी फायदा होतो सुमारे वीस सेकंदांचा. चांगल्या ॲल्युमिनियम चाकांची जोडी १,५५० ग्रॅमच्या आसपास मिळते आणि तिच्याने चौदा सेकंद वाचतात. म्हणजे कार्बनसाठी जे जादा पैसे आणि जी जादा जोखीम घ्यायची, ती सहा-सात सेकंदांसाठी. फिरत्या भागातले वजन दुप्पट मोजावे असे तू लिहिले आहेस. वेग वाढवताना रिमपाशी असलेल्या वजनाबाबत ते बरोबर आहे. परंतु एका लयीत घाट चढताना वेग जवळपास स्थिर असतो आणि तेव्हा चाकातला एक ग्रॅम बाटलीतल्या एका ग्रॅमइतकाच जड असतो.

खोल रिमचा खरा लाभ वाऱ्यात आहे आणि तो मी नाकारत नाही. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरच्या पुढचा वेग धरला की बहुतेक मेहनत हवा कापण्यातच जाते आणि तिथे ५० मिलिमीटरची रिम थोडी मदत करते. पण तू एकटी, महामार्गाच्या कडेने, ओझरच्या दिशेने जातेस. कंटेनर बाजूने पुढे गेला की त्याच्या हवेचा झोत आधी ढकलतो आणि मग आत ओढतो, आणि खोल रिमचे पुढचे चाक त्या झोतात हँडलच फिरवू पाहते. हलक्या शरीराच्या स्वाराला हे अधिक जाणवते.

मात्र माझी मुख्य काळजी गडाच्या उताराची आहे. ७० किलो वजन ४०० मीटर उंचीवरून खाली आणले तर सुमारे पावणेतीन लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. पाऊण लिटरहून अधिक पाणी उकळायला लागावी, इतकी ती उष्णता असते. सरळ, मोकळ्या रस्त्यावर तिचा मोठा वाटा हवेत जातो. पण वळणावळणाच्या घाटात, समोरून एस. टी. येत असताना, भाविकांच्या गाड्या मध्येच थांबत असताना, तू सतत ब्रेक धरून उतरणार आणि ती उष्णता रिमच्या पट्टीत साठणार. ॲल्युमिनियम उष्णता चटकन पसरवते आणि हवेत सोडते. कार्बन ते काम फार संथपणे करतो. उष्णता एकाच जागी राहते, कार्बनचे धागे धरून ठेवणारे रेझिन, म्हणजे राळ, मऊ पडू लागते, आतून हवेचा दाब असतोच, आणि रिमची कड बाहेर झुकते किंवा तिचे थर सुटतात. त्यानंतर टायर निसटायला वेळ लागत नाही. नामांकित कंपन्या यासाठी जास्त उष्णता सोसणारे रेझिन वापरतात आणि ठरावीकच ब्रेक पॅड वापरायला सांगतात. तू पाहिलेल्या चाकांच्या पानावर पॅडचा उल्लेख नाही आणि बनवणाऱ्याचे नावही नाही. शिवाय ओल्या कार्बनवर ब्रेक उशिरा पकड घेतो, हे आपल्या पावसात विसरून चालणार नाही.

मी आयुष्यभर कारखान्यात तपासणी विभागात काम केले. एखादा भाग हलका झाला म्हणून कुणी आनंदाने आणून दाखवला की आमचा पहिला प्रश्न असे, वजन कुठून काढले? चाकात ते मुख्यतः तीन ठिकाणांहून निघते: रिमच्या भिंतीतून, स्पोकच्या संख्येतून आणि हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून. मागे २० स्पोक असलेल्या चाकाचा एक स्पोक तुटला की चाक इतके आउट, म्हणजे वाकडे, होते की ते ब्रेकमध्ये अडकू शकते; २४ किंवा २८ स्पोकचे चाक अशा वेळी ब्रेक थोडा सैल केला तर बहुतेकदा घरापर्यंत आणते. त्यातही स्पोक खास आकाराचे असतील तर नाशिकमध्ये शोधत फिरावे लागेल. साधे, गोल, स्टेनलेस स्टीलचे स्पोक आणि पितळी निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या चकत्या-नट, घे. ॲल्युमिनियमची निपल काही ग्रॅम वाचवतात, पण पावसाच्या पाण्याने गंजून जागच्या जागी बसतात आणि आउट काढताना तुटतात. सायकलींचे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानक आयएसओ ४२१० आहे, त्यानुसार चाकाची चाचणी झाली आहे का आणि स्वाराच्या वजनाची मर्यादा किती आहे, हे विक्रेत्याला लेखी विचार. उत्तर आले नाही तर विषय तिथेच संपव. जागतिक सायकलिंग महासंघाने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू नये असा नियम ठेवला आहे. सर्वांत वेगवान माणसांनाही हलकेपणाला तळ घालून द्यावा लागला, याचा विचार कर.

रिम घेताना तिच्या आतल्या कडेला टायर अडकवणारा हूक आहे ना, हेही पाहा. हूक नसलेल्या रिममध्ये ५ बार, म्हणजे ७२ पीएसआय दाबाच्या वर हवा भरायची नसते आणि टायरची रुंदी रिमला जुळलेलीच लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या शर्यतीत व्यावसायिक सायकलपटू थॉमस डी गेंट पडला आणि त्याचा टायर अशाच रिमवरून निघाला, तेव्हापासून व्यावसायिक स्वारांमध्येही यावर मोठा वाद झाला. तू शंभर पीएसआय भरणारी मुलगी आहेस, तेव्हा तुला हूकवालीच रिम हवी.

तुझ्या सायकलीच्या ब्रेकमधली जागा मी मोजली. पुढे २८ मिलिमीटरचा टायर बसेल, मागे मात्र २५ चाच, कारण फ्रेमच्या पुलापाशी जेमतेम जागा उरते. वाचलेल्या पैशांतून दोन उत्तम टायर घे; चढावर आणि सपाटीवर तुझा वेग वाढवण्यात आणि ओल्या वळणावर पकड देण्यात चांगल्या टायरचा वाटा कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या जोडीतल्या २०० ग्रॅमच्या फरकापेक्षा मोठा आहे. ट्यूब साधी ब्युटाइल रबराची ठेव. अतिशय हलक्या टीपीयू (एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) ट्यूब रिम ब्रेकसाठी आहेत असे पाकिटावर स्पष्ट लिहिलेले नसेल तर त्या घेऊ नकोस, कारण त्याही उष्णतेने मऊ पडतात. उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नकोस. वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट लाव, वेग कमी कर आणि सोडून दे, म्हणजे रिमला मधल्या वेळात थंड व्हायला अवसर मिळतो.

तुझ्या खोलीत महाजन बंधूंचे कात्रण अजून भिंतीवर आहे. आपल्याच शहरातल्या त्या दोघा डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आरपार ओलांडणारी, जवळपास ४,८०० किलोमीटरची रॅम शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. तुलाही लांब पल्ल्याचेच वेड आहे, म्हणून मी तुला रोजच्या भरवशाची चाके सुचवतो आहे. पुढे डिस्क ब्रेकची सायकल घेशील तेव्हा ब्रेकची उष्णता डिस्कमध्ये जाईल, रिम थंड राहील, आणि तेव्हा चांगल्या कंपनीची, ३५ मिलिमीटरच्या आसपास खोलीची कार्बन चाके तू घेतलीस तर मी एका शब्दाने अडवणार नाही. पैसे कमी पडले तर भरही घालीन.

तोपर्यंत १,५५० ग्रॅमच्या आसपासची, पुढे २० आणि मागे २४ स्पोकची, हूक असलेली ॲल्युमिनियमची जोडी पाहा. तुझा मागचा गिअर ११ स्पीडचा आहे आणि ॲक्सल क्विक रिलीजचा (हत्याराविना उघडणारा), हे ऑर्डरमध्ये तपासून घे. चाके घरच्या पत्त्यावर मागव. ती आली की मी डायल गेज लावून आउट मोजतो, प्रत्येक स्पोक बोटाने छेडून एखादा ढिला आवाज देतो का ते पाहतो, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासतो. त्या आधी गडावर जायचे नाही. निवडलेल्या जोडीची माहिती रविवारपर्यंत मला पाठव. जुन्या चाकावर तोवर मी कुणालाही बसू देणार नाही.

तुझा,
बाबा