मर्सिडीज डब्ल्यू १२४ चा रेडिएटर : कुशन, क्लिपा आणि फोमच्या पट्ट्या

पुणे, १० मे

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार.

सिग्नलला तापमानाचा काटा शंभराकडे आणि हायवेला लागलं की पुन्हा पंच्याऐंशीवर, हे तुझं वर्णन वाचून रेडिएटर आतून तुंबला असेल असं मला वाटत नाही. तुंबलेला रेडिएटर नेमका उलटा वागतो. शहरात कसाबसा निभावून नेतो आणि घाटात, इंजिनावर खरा भार आला की हात टेकतो. तुझा त्रास हवेचा आहे. गाडी धावते तेव्हा समोरून फुकट वारा मिळतो, उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. म्हणून मेस्त्री म्हणतात म्हणून लगेच नवा रेडिएटर आणू नकोस. आणलास तरी खालच्या जुन्या दबलेल्या रबरी कुशनवर बसवू नकोस, नाहीतर त्याचंही तेच होईल.

फॅनचा क्लच आधी बघ. इंजिन तापल्यावर तो पकडत नसेल, तर फॅन फिरताना दिसतो पण वारा ओढत नाही. मग टॉर्च घेऊन एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत डोकाव. तीस वर्षांची धूळ, पानं, किडे यांचा तिथे नमदा झालेला असतो आणि तो पुढून अजिबात दिसत नाही. ही दोन कारणं निकालात निघाली की उरतात कुशन आणि कडेच्या फटी बुजवणाऱ्या फोमच्या पट्ट्या.

तू पाठवलेल्या फोटोत एक गोष्ट ठळक दिसते. फॅनची पाती आणि श्राउडची (फॅनभोवतीच्या कड्याची) कड यांच्यातली फट वर जेमतेम बोट जाईल एवढी आहे आणि खाली भरपूर. फॅन इंजिनावर बसलेला, श्राउड रेडिएटरवर. फट वर कमी झाली म्हणजे श्राउड खाली आलं, अर्थात रेडिएटर बसला. खालची फट कमी असती तर इंजिनाचे माउंटिंग (ज्या रबरांवर इंजिन बसतं ते) दबले, असा अर्थ निघाला असता. दोन्ही एकदमच दबले तर फट सारखी दिसते आणि माणूस फसतो, त्यामुळे रेडिएटरची वरची कड समोरच्या पत्र्यापासून किती खाली आहे तेही दोन्ही टोकांना मोजून लिहून ठेव. काम झाल्यावर तीच मापं पुन्हा घ्यायची.

या गाडीत रेडिएटर बोल्टनं आवळलेला नसतो. खाली क्रॉसमेंबरमध्ये, म्हणजे पुढच्या आडव्या पत्र्यात, दोन रबरी कुशन, त्यांत रेडिएटरच्या दोन पिना उतरतात, आणि वर दोन क्लिपा त्याला पुढेमागे धरून ठेवतात. मुद्दामच तसं केलंय. ॲल्युमिनियमची जाळी गार असतानापासून सत्तर अंश तापली, तर अर्ध्या मीटरला पाऊण मिलिमीटरच्या आसपास वाढते. शिवाय खड्ड्यात बॉडी पिळवटते, इंजिन थरथरतं. हे सगळं रबरानं पोटात घ्यायचं असतं. रबर कडक झालं की सगळा ताण जातो कडेच्या प्लास्टिकच्या टाक्यांवर, आणि त्यातही वरच्या होजच्या (जाड रबरी नळीच्या) तोंडावर. ते तोंड तुटणं हा या गाड्यांचा जुना आजार. इंजिन होज ओढतं एकीकडे, रेडिएटर हलतो दुसरीकडे, आणि मधे वर्षानुवर्षं शिजलेलं प्लास्टिक. होज काढल्यावर तोंडाच्या आतल्या कडेला नख लाव. काळं, गुळगुळीत असेल तर ठीक. तपकिरी पडून भुगा निघत असेल तर मात्र रेडिएटर बदलायचाच, तिथे मेस्त्रींचं ऐक. नवा घेताना त्या तोंडात धातूची बाही घातलेली आहे का ते विचार.

कुशन आणताना चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घे. मर्सिडीजनं १९९४ साली टेल्कोबरोबर (आताची टाटा मोटर्स) कंपनी काढली आणि १९९५ पासून पुण्यात ही मॉडेल जोडायला लागले, पण सुटे भाग जर्मनीहून येत होते. त्यामुळे ‘इंडियन मॉडेलला वेगळं कुशन लागतं’ असं कुणी नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सांगितलं, तर आधी नंबर जुळवून बघ. पेट्रोल आणि डिझेलचे रेडिएटर मात्र वेगळे असू शकतात, तिथे डोळे झाकून घेऊ नकोस. हातात घेतल्यावर अंगठ्यानं दाब. दबलं पाहिजे आणि लगेच उठलं पाहिजे. दगडासारखं असेल तर दुकानात कितीही वर्षं पडून असलेलं ‘ओरिजिनल’ तुझ्या कामाचं नाही, रबराचं वय पिशवीतही वाढतं. दोन्ही कुशन एकदम बदल. एक नवं, एक जुनं ठेवलं की रेडिएटर तिरका बसतो.

सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून उंची वाढवायचा उपाय कुणीतरी सुचवेलच. उंची वाढते, खरं आहे. पण पिनेला आजूबाजूनं धरणारं काही उरत नाही, ती भोकात खुळखुळत राहते आणि शेवटी पिनच झिजते. पिन टाकीच्या प्लास्टिकचाच भाग आहे, ती गेली की टाकी गेली.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन पूर्ण गार, शक्यतो सकाळी. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) भरायच्या टाकीचं झाकण उघड. त्याच्यावर १४० असा आकडा असेल, म्हणजे १.४ बार दाब. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२५ अंशांपर्यंत उकळत नाही, म्हणूनच गरम असताना झाकण उघडलं की सगळं एकदम उसळून अंगावर येतं. रेडिएटरच्या खालचा ड्रेन प्लग प्लास्टिकचा आहे, पक्कड लावू नकोस, हातानं किंवा नाण्यानं फिरव. जेवढं येईल तेवढं कूलंट स्वच्छ बादलीत घे. इंजिनाच्या ब्लॉकमधलं मागेच राहतं, हे पुढे मिश्रण करताना लक्षात ठेव. सांडलेलं लगेच पाण्यानं धू, चवीला गोड असतं आणि कुत्र्यामांजरांना विष.

मग वरचा आणि खालचा होज, कूलंटच्या टाकीकडे जाणारी बारीक नळी. होज चिकटलेला असेल तर ओढू नकोस, तोंडाला हिसका बसतो. होज बदलायचाच असेल तर ब्लेडनं लांबीत चिरून सोलून काढ. तुझी मॅन्युअल आहे म्हणून एक कटकट वाचली, ऑटोमॅटिकवाल्यांना गिअरच्या तेलाच्या दोन नळ्याही सोडाव्या लागतात. श्राउडच्या क्लिपा काढ, ते उचलून इंजिनाच्या बाजूला फॅनवर टेकवून ठेव. पातीच्या पुढे आणि कंडेन्सरच्या मागे एकेक पुठ्ठा सरकव, म्हणजे जाळीला ओरखडे येणार नाहीत. एसीच्या नळ्यांना हात लावू नकोस. वरच्या दोन क्लिपा काढल्या की रेडिएटर सरळ वर येतो. येत नसेल तर कुशन पिनेला चिकटलंय, साबणाचं पाणी सोड आणि डावीउजवीकडे हळूच हलव.

जुनी कुशन निघाली की क्रॉसमेंबरची भोकं नीट बघ. खरी गंमत इथे असते. रबराखाली पाणी साठून पत्रा फुगलेला असतो, आणि फुगलेल्या भोकात नवं कुशन नीट बसत नाही. वायर ब्रशनं चकाकेपर्यंत घास, गंजविरोधी प्रायमर, वर रंग, रात्रभर वाळू दे. पाणी निघून जायची भोकं तारेनं मोकळी कर, रंगानं बुजवू नकोस. कोल्हापूरचा पाऊस बघता हे काम कुशनइतकंच महत्त्वाचं.

नवं कुशन बसवताना ग्रीस किंवा ऑइल अजिबात नको. अशा जागी बहुधा ईपीडीएम रबर असतं. पाणी, ऊन, कूलंट हे सगळं ते सोसतं, पण खनिज तेलात फुगून मऊ पडतं. स्टिअरिंगच्या पंपाचं तेल ठिबकत असेल तर तेही आधी थांबव. साबणाच्या पाण्यात बुडव, अंगठ्यांनी दाबत भोकात घाल, आणि मग बोटांनी गोल फिरवून बघ. खाच सगळीकडून पत्र्याच्या कडेवर चढलेली असेल तर ते अडत अडत पण सारखं फिरतं. एका बाजूनं उडी मारल्यासारखं फिरलं तर तिथे कड आत दुमडली आहे, काढून परत घाल.

रेडिएटर बाहेर आहेच तर टाक्यांचा सांधा बघून घे. प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या दातांनी मुडपून धरलेली असते आणि मधे रबरी सील. टाकी चाळीस बाय पाच सेंटिमीटर धर, १.४ बारला आतून तिच्यावर पावणेतीनशे किलोच्या वर रेटा येतो. तो सगळा या दातांवर. दातांच्या रांगेत पांढरट-हिरवट खार दिसला तर तिथे गळती आहे, भले जमिनीवर थेंब पडत नसेल. दात उघडून सील बदलता येतं, पण ते एकदाच. पुन्हा वाकवलेले दात तुटतात. काम करणारा दात एका टोकाकडून दाबत गेला तर सील दुसरीकडे सरकतं, मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायला सांग. सीलला सिलिकॉन चोपडू देऊ नकोस, ते आत सुटून नळ्यांत अडकतं. झाल्यावर पाण्याच्या हौदात बुडवून १.४ बार हवा, दहा मिनिटं. त्याहून जास्त दाब देऊन ‘पक्कं’ करायची हौस करू नये. जाळी फार जुनी असेल तर मी या भानगडीत पडणार नाही, सरळ नवा घेईन. आणि आत हळद किंवा गळती थांबवायची पावडर टाकायचा सल्ला मिळाला तर हात जोड. भोक बुजतं की नाही कुणास ठाऊक, हीटरच्या बारीक नळ्या मात्र हमखास बुजतात.

आता फोमच्या पट्ट्या, ज्या मूळ बऱ्याच गाड्यांतून केव्हाच गळून गेल्यात आणि कुणाच्या लक्षातही नाही. फॅन रेडिएटरच्या मागून हवा ओढतो. जाळीतून येणं हवेला कठीण, कडेच्या फटीतून येणं सोपं. गाडी उभी असताना इंजिनाकडची गरम हवा कडेनं वळसा घेऊन पुन्हा पुढे येते आणि तीच तापलेली हवा परत रेडिएटरमधून जाते. एसी चालू असेल तर कंडेन्सरलाही तीच, म्हणून गारवाही कमी होतो. तुझ्या तक्रारीतलं ‘सिग्नलला एसी पण मरतो’ हे वाक्य म्हणूनच मला महत्त्वाचं वाटलं.

बंद पेशींचा ईपीडीएम फोम घे, मागे चिकट असलेला. सोफ्याचा फोम स्पंजासारखा पाणी धरतो आणि पत्रा कुजवतो. जाडी अंदाजानं ठरवू नकोस. मुलांच्या खेळण्यातल्या क्लेच्या गोळ्या कडेला चार-पाच ठिकाणी चिकटव, रेडिएटर जागेवर उतरव, काढ, आणि दबलेल्या गोळ्या मोज. पट्टीची जाडी त्याच्या दीडपट. आठ मिलिमीटरची फट असेल तर बारा मिलिमीटरची पट्टी. फार जाड घेतलीस तर फोम रेडिएटरला ढकलत राहतो आणि नव्या कुशनचा उपयोग संपतो. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, पट्टी न ताणता चिकटव. ताणून लावली की आकसते आणि कोपऱ्यात उघडी पडते. कोपरे पंचेचाळीस अंशांत कापून भिडव. जाळीवर एक इंचही येऊ देऊ नकोस, आणि पाण्याची भोकं झाकू नकोस.

मग रेडिएटर सरळ खाली उतरव. पिना कुशनमध्ये गेल्याचं हाताला कळतं. वरून तळव्यानं दाब, दोनेक मिलिमीटर जाऊन परत उठला पाहिजे. कडेला हलवून बघ, टकटक आवाज नको. वरच्या क्लिपांचं काम धरायचं, दाबायचं नाही. क्लिप लावायला जोर लागत असेल तर रेडिएटर उंच बसलाय, बहुतेक एक कुशन पूर्ण आत गेलेलं नाही. श्राउड लाव आणि फॅन हातानं एक पूर्ण फेरा फिरवून चारही बाजूंची फट बघ. वर-खाली सारखी आली तर कुशननं काम केलं. होजची क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे बसव, आणि आवळताना हात आखडता घे, खाली प्लास्टिक आहे. ड्रेन प्लगची रिंग नवी घाल.

कूलंट निळं-हिरवं, मर्सिडीजच्या ३२५.० स्पेसिफिकेशनचं, निम्मं डिस्टिल्ड पाण्यात. आपल्याकडे गोठायची भीती नाही हे खरं, पण ॲल्युमिनियम गंजू नये यासाठी त्यातली रसायनं हवीतच, आणि बोअरचं पाणी तर विसरच. नारिंगी किंवा गुलाबी यात मिसळू नकोस. हीटर पूर्ण गरमवर ठेवून सावकाश भर, इंजिन चालू कर, पातळी खाली जाईल तसं घालत राहा. कूलंटच्या टाकीच्या बारीक नळीतून प्रवाह येतोय ना बघ, ती तुंबली तर हवा अडकून राहते.

शेवटी फटींची परीक्षा. इंजिन गरम, गाडी उभी, फॅन चालू. लांब काडीला टिश्यूची बारीक पट्टी बांध आणि रेडिएटरच्या कडेनं पुढच्या बाजूला फिरव, फॅनपासून हात दूर. पट्टी जाळीकडे ओढली गेली पाहिजे. कुठे ती मागून पुढे फडफडली तर तिथून गरम हवा परत येतेय. धुरासाठी उदबत्ती पेटवू नकोस, पेट्रोलची गाडी आहे. दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी आणि होजच्या क्लिपा पुन्हा बघ, रबर एकदा तापून गार झालं की क्लिपा थोड्या ढिल्या पडतात.

पुण्याला येशील तेव्हा परतीच्या वाटेवर खंबाटकीत ट्रकमागे अडकशीलच. एसी चालू ठेव आणि काटा कुठे थांबतो ते कळव. नव्वद-पंच्याण्णवला थांबला तर रेडिएटरचे पैसे वाचले. तरीही शंभराच्या पुढे गेला, तर फॅनच्या क्लचचं पुन्हा बोलू. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सतीश

ता. क. जुनी कुशन फेकू नकोस. नव्याशेजारी उभी ठेवून दोघांची उंची मोज आणि आकडे पाठव, म्हणजे रेडिएटर नेमका किती बसला होता आणि इंजिनाच्या माउंटिंगकडेही बघायला हवं का, हे इथून सांगता येईल.