आप्पांचं झाड

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तू ऑस्ट्रेलियातल्या त्या बॅलरॅटच्या रस्त्याचे नुसते फोटो धाडलेस, लिहिलं काहीच नाहीस. बाकीचं मीच मोबाइलवर वाचून काढलं. १९१७ ते १९१९ या काळात, २२ किलोमीटरभर सुमारे ३,८०० झाडं, पहिल्या महायुद्धात गेलेल्या तिथल्या एकेका सैनिकाच्या नावाचं एकेक! आणि हे मनावर घेतलं कुणी, तर कपड्यांच्या एका कारखान्यातल्या पोरींनी. मला सगळ्यांत भावलं ते वेगळंच. झाडं भरतीच्या क्रमानं लावली, हुद्दा बघून नाही. आणि मेलेल्यांचीच नाहीत, जे परत आले त्यांचीही.

आपल्याकडे अपशिंगे मिलिटरी घे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं कामी आली, त्यांचं स्मारक आहे. जाता-येता हात जोडतोच आपण. पण जे परत आले त्यांचं काय? तुझे आप्पा पासष्टच्या लढाईतून धडधाकट आले, म्हणून त्यांचं नाव कुठंच नाही. पेन्शनच्या पुस्तकात तेवढं. सत्तरी ओलांडली तरी घोंगडी काठाला काठ जुळवूनच घडी घालायचे. मी घातलेली घडी गुपचूप मोडून परत घालायचे. तेव्हा मला राग यायचा.

तर विहिरीजवळच्या बांधावर त्यांच्या नावाचं जांभळाचं रोप लावलंय. तुझ्या बाबांना आंबा हवा होता. मी म्हटलं, आप्पांना जांभळं आवडायची, आंबे तुम्हाला आवडतात. पहिलं रोप शेळ्यांनी खाल्लं. दुसऱ्याला भोवतीनं बाभळीच्या शिऱ्या लावल्या. बुडाशी मडकं पुरलंय, त्याच्या तळाला भोक पाडून चिंधीची वात घातलीय. दोन दिवसांआड एक कळशी ओतली की भागतं. उन्हाळा काढला त्यानं, आता कमरेएवढं झालंय.

तुझ्या बाबांचं बघून खालच्या आळीतले दोघं विचारून गेले. एकाचे वडील रिटायर सुभेदार, एकाचे शिपाई. बांधावर कुणाचं झाड आधी, यावरून जरा तणातणी झाली. मी तुझ्या त्या बॅलरॅटचा दाखला दिला : भरतीच्या तारखेनं लावा. सुभेदाराच्या पोराचं तोंड पडलं. शिपाई दोन वर्षं आधी भरती झालेला निघाला.

आता एक काम कर. पुन्हा गेलीस तर जवळ जाऊन बघ, झाडांच्या नावाच्या पाट्या केवढ्या आहेत आणि बुंध्याला ठोकल्यात की वेगळ्या खांबावर. बाबा खिळा मारायला निघालेत, मी अडवून धरलंय.

तुझी,
आई