डाव्या कानाबद्दल

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला निम्मं कळत नाही, म्हणून लिहितोय. परवा बोलता बोलता तू म्हणालीस की प्रदर्शनाचे स्पीकर लावायचं काम झाल्यापासून डाव्या कानात शिट्टी वाजते. आणि हसलीस. मग तिकडच्या, जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या चर्चचं सांगत बसलीस. मी ऐकलं सगळं, पण मन शिट्टीपाशीच राहिलं. असो, त्यावर जास्त लिहीत नाही.

चर्चचं मात्र आवडलं. अमेरिकी संगीतकार जॉन केज यांची रचना आणि वाजायची ६३९ वर्षं! त्या गावात १३६१ ला भात्याच्या वाऱ्यावर वाजणारा ऑर्गन बसला, तिथून २००० पर्यंत ६३९ झाली, म्हणून पुढं तेवढीच. सुरू झाली २००१ च्या सप्टेंबरात आणि पहिला सूर निघाला २००३ च्या फेब्रुवारीत. तोवर नुसता वारा. पट्ट्या दाबायला माणूस नाही, वाळूच्या पिशव्या लटकवल्यात. आईला सांगितलं तर म्हणाली, पगार कोण देतं? २०१३ च्या ऑक्टोबरात लागलेले सूर २०२० च्या सप्टेंबरापर्यंत तसेच. लागले तेव्हा तुझी शाळेची वेणी आई घालत होती, आणि बदलले तेव्हा आपल्याकडं लॉकडाउननंतर माग कसेबसे हलायला लागले होते. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्या ऑर्गनवर पारदर्शक पेटी घातलीय म्हणालीस. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ ला आला, त्याला अजून कुणी पेटी घातलेली नाही.

तू तिथं किती वेळ उभी होतीस? कान दुखला नाही ना?

दुसरं ते, आवाजाचे कलाकार मॅक्स न्यूहाउस यांचं. अमेरिकेत बीकनला, २००५ चं काम. तास भरत आला की आवाज इतका हळू चढतो की कुणाचं लक्षच जात नाही, आणि तासाला एकदम बंद. बंद झाल्यावर लोकांना कळतं की काहीतरी वाजत होतं. तू म्हणालीस, पप्पा, हे समजावून सांगायला वेळ लागेल. अगं, मला? रात्री लाइट गेली की आपली अख्खी गल्ली जागी व्हायची. तुझी आत्या तान्ही असताना खडखडाटात गाढ झोपायची आणि माग थांबले की भोकाड पसरायची. पाळी बदलल्याचं घड्याळ न बघता कळायचं. मागाचा धोटा नीट जात नसला तर माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या आधी मला आवाजावरून समजायचं, आणि कुठल्या मागावर तेसुद्धा. आता हात लावून बघावं लागतं.

२०२० च्या मार्चात सगळे माग थांबले, त्या रात्री तू गच्चीवर मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवून बसलीस आणि मी ओरडलो होतो. त्यात होतं काय? कुत्री, पंचगंगेकडची टिटवी, खालून माझं खोकणं. तेच ऐकवून तुला तिथं जर्मनीत शिकायला प्रवेश मिळाला. दादाला अजून पटत नाही. मला पटलं का ते विचारू नकोस. पण मी कारखान्यात सगळ्यांना ऐकवलंय. सुताच्या कांड्या भरणारी एक बाई म्हणाली, अण्णा, यात आवाज कुठाय? मी म्हटलं, तोच तर पोरीनं धरलाय. छाती अशी फुगली होती की खोकला विसरलो.

आता जरा ऐक. कानाच्या आत शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात, मेल्या की परत येत नाहीत. कायद्यात आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, मागाची शेड सहज त्याच्या वर जाते. तुझे स्पीकर कितीवर असतात ते मोजतेस का? अशा आवाजानं कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातो. बोललेलं ऐकू येत राहतं, म्हणून माणूस म्हणतो, आपलं ठीक आहे. मग स, फ अशी अक्षरं गळायला लागतात. तुला हाक मारतो तेव्हा माझं मलाच ‘अई’ ऐकू येतं. कापसाच्या बोळ्यांनी काही होत नाही, आम्ही तेच घालायचो. नीट प्लग घे. हेडफोन लावून झोपू नकोस. मधे मधे कानाला सुट्टी दे, आणि शिट्टी असताना पुन्हा त्या स्पीकरांपुढं उभी राहू नकोस.

भाषण झालं, माफ कर. तुझे मास्तर हे माझ्यापेक्षा जास्त जाणत असतील. पण त्यांचा कान शाबूत आहे.

तिथं तुझा विमा आहे ना? मग याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडं जा, ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख काढ आणि फोटो टाक. जर्मन मला येत नाही, पण ती रेघ वाचता येते. ४००० ला खड्डा पडलाय का तेवढं बघतो. चांगली निघाली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. निदान फोनवर तरी.

आईला शिट्टीचं बोललेलो नाही. तिनं विचारलंच तर सर्दी सांग. आणि प्रदर्शनाला कोण कोण आलं ते सविस्तर लिही, इथं विचारणारे पुष्कळ आहेत.

पप्पा