म्यूऑन सुरगाण्यातही पडतात

महोदय,

परीक्षा संपत आल्या की नाशिकच्या शाळांमधून परदेशी विज्ञान सहलींची पत्रकं घरोघरी जातात. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि अशाच एका सहलीत मुलांबरोबर जिनिव्हाला जाऊन आले. पत्रकात शेवटच्या दिवसापुढे ‘खरेदी व परतीचा प्रवास’ एवढंच छापलं होतं. विमान रात्रीचं होतं. आम्ही शिक्षकांनी हट्ट धरून खरेदी आदल्या संध्याकाळी उरकायला लावली आणि तो दिवस पुन्हा सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेला दिला.

सर्नमध्ये बघण्यासारखं पुष्कळ आहे. जमिनीखाली सुमारे १०० मीटरवर २७ किलोमीटर घेराचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर म्हणजे कणांची टक्कर घडवणारं यंत्र, उणे २७१ अंशांपर्यंत थंड केलेले त्याचे चुंबक, भारताने २००४ मध्ये भेट दिलेली नटराजाची मूर्ती. हे आधी बघून झालं होतं, फोटोही निघाले होते. शेवटच्या दिवशी मात्र मुलांनी स्वतःच्या हातांनी क्लाउड चेंबर, म्हणजे कणांच्या वाटा धुक्यात दाखवणारा मेघकक्ष, मांडला. पारदर्शक डबा, आत वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं जाड कापड, तळाला काळा पत्रा आणि त्याखाली उणे ७८ अंशांचा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. दिवे मालवून बाजूने टॉर्च धरला. आधी नुसतंच धुकं दिसलं. मग एक बारीक पांढरी रेघ उमटली आणि विरली. मग दुसरी. सरळ रेघ बहुधा म्यूऑनची, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्याच पण जड कणाची, अडखळत वाकडी जाणारी इलेक्ट्रॉनची, जाड आणि आखूड अल्फा कणाची. थोड्याच वेळात मुलं एकमेकांना ओळखून दाखवू लागली.

परत येताना १८ नंबरच्या ट्राममध्ये एका मुलीने विचारलं, “मॅडम, हे आपल्याकडेही पडतात?” पडतात. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणावर आदळून म्यूऑन तयार होतात आणि आपल्या तळहातावरून दर सेकंदाला साधारण एक आरपार जातो, जिनिव्हात तसाच पंचवटीत. मग मी तिला भारतीय भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरींबद्दल सांगितलं. १९४० च्या आसपास त्यांनी डी. एम. बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगसारख्या उंच ठिकाणी फोटोग्राफिक प्लेटा ठेवून याच विश्वकिरणांतल्या कणांच्या खुणा शोधल्या. युद्धामुळे चांगल्या प्रतीच्या प्लेटा त्यांना मिळाल्या नाहीत. पुढे याच पद्धतीत सुधारणा करून केलेल्या कामासाठी १९५० चं नोबेल सेसिल पॉवेल यांना मिळालं. आपल्या पाठ्यपुस्तकांतून एवढ्या मोठ्या बाईंचं नाव मुलांपर्यंत पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

माझं म्हणणं सहली बंद करा असं नाही. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं. पण त्या दिवशी मुलांना जे मिळालं त्याला ना व्हिसा लागतो ना लाखो रुपये. मोठ्या शाळांनी सहलीहून आल्यावर आपल्या मुलांना महापालिकेच्या किंवा पेठ-सुरगाण्याच्या जिल्हा परिषद शाळेत न्यावं आणि हा प्रयोग तिथल्या मुलांबरोबर करावा. ड्राय आइसचा खर्च सहलीच्या शुल्कातूनच काढावा. एका मुलाच्या शॉपिंगपेक्षा तो जास्त होणार नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तीही पुण्याच्या रस्त्यावरच. विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली असते. एसटी ठरवून तिथे आपल्या किती शाळा जातात?

आमच्या मुलांनी मेघकक्षाच्या कृतीचं मराठी टिपण तयार केलं आहे. हातमोजे आणि खेळती हवा याबद्दलच्या सूचना त्यात आधी दिल्या आहेत. जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेने बोलावलं तर शनिवारी दुपारी सामान घेऊन यायला मी तयार आहे. टेबल आणि पडदे तेवढे शाळेने बघावेत.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, नाशिक रोड